आई-बाबांना लडाखला नेताय? आधी उंचीचा हिशोब करा

आमच्या पहिल्या लडाख सहलीतल्या दोन रात्री मामांनी लेहच्या सरकारी रुग्णालयात काढल्या. मामा म्हणजे रोज पहाटे पाच किलोमीटर चालणारा माणूस. बीपी नाही, साखर नाही, वय एकसष्ट. सहा दिवसांचं पॅकेज होतं. पहिल्या दिवशी सकाळी विमानाने लेहला उतरलो, दुपारी जेवून लगेच टेकडीवरचा शांती स्तूप, दुसऱ्या दिवशी थेट खार्दुंग ला ही उंच खिंड. पहिल्याच संध्याकाळी मामांचं डोकं ठणकत होतं. त्यांनी गोळी घेतली आणि कुणाला काही बोलले नाहीत. दुसऱ्या रात्री खोकला सुरू झाला. मामी म्हणाली, "थंडी बाधली." तिसऱ्या दिवशी सकाळी मामा बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तिथेच पलंगाच्या कडेला धापा टाकत बसले. एक नाडी बांधून झाली होती, दुसरी तशीच लोंबत होती. रुग्णालयात एक्स-रे काढला, तर फुप्फुसात पाणी.

मामा बरे झाले. आज ठणठणीत आहेत. पुढे दोन वर्षांनी मी आई-बाबांना घेऊन परत गेले, तेव्हा सगळं वेगळ्या पद्धतीने केलं. ती पद्धत इथे लिहिते. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांशी बोलण्यापुरतं समजा.

१. ठिकाणांची यादी नंतर, आधी उंचीचा तक्ता

आपल्याकडचं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. एकावर एक दोन कळसूबाई ठेवल्या तरी लेह त्याहून उंच भरतं. लेह शहर साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात. ठाण्यात सकाळी दहा मजले चढून ती सवय होत नाही.

कागदावर दोन रकाने आखा. एकात दिवस, दुसऱ्यात त्या रात्री झोपणार किती उंचीवर. दिवसा कुठवर चढलात त्यापेक्षा रात्री कुठे झोपलात हे जास्त महत्त्वाचं. गिर्यारोहणातला साधा नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवायचा नाही.

हाताशी असू द्या म्हणून काही उंची:

- लेह: सुमारे ३,५०० मीटर
- आल्ची, निम्मू (सिंधूकाठचं शाम खोरं): सुमारे ३,१००
- नुब्रा खोऱ्यातलं दिस्कित, हुंदर: सुमारे ३,१००
- पँगाँग सरोवर: सुमारे ४,२५०
- त्सो मोरिरी: सुमारे ४,५००
- चांग ला: सुमारे ५,३६०
- खार्दुंग ला: ५,३५९

नावात 'चांगला' ऐकू आला तरी चांग ला मवाळ नाही. लडाखीत 'ला' म्हणजे खिंड, त्यामुळे 'खार्दुंग ला पास' म्हणणं म्हणजे 'कसारा घाट घाट' म्हणण्यासारखंच. तिथल्या गाजलेल्या पाटीवर बरीच वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. खरी उंची १७,५८२ फुटांच्या आसपास आहे. फोटोला काही फरक पडत नाही, फुप्फुसांना तर नाहीच.

आमचा दुसऱ्या खेपेचा बेत असा होता: तीन रात्री लेह, त्यातल्या तिसऱ्या दिवशी शाम खोऱ्यात जाऊन परत. मग दोन रात्री हुंदर, एक रात्र लेह, एक रात्र पँगाँगच्या बाजूला, परत लेहला दोन रात्री. एकूण नऊ. "नऊ? सहामध्ये होतं की सगळं!" असं सांगणारे भेटतील. होतं, आमचंही होणारच होतं.

२. विमानाने जायचं की रस्त्याने

मुंबई-पुण्याहून विमान घेतलं की पहाटे घरी असलेला माणूस दुपारच्या आत ३,५०० मीटरवर. शरीराला तयारीला एक मिनिटही मिळत नाही. वेळ कमी असेल तर हाच मार्ग, पण मग पहिले दोन दिवस खरोखर आरामाला ठेवावे लागतात.

श्रीनगरकडून रस्ता जास्त समजूतदार आहे. श्रीनगर १,५८५ मीटर, कारगिल २,६७६, मग लेह. मध्ये झोजी ला आणि ४,१०८ मीटरचा फोतू ला लागतो, पण तो दिवसा ओलांडून खाली उतरायचं असतं. श्रीनगरला एक, कारगिलला एक रात्र घेतली की लेहला पोचेपर्यंत शरीर थोडं तयार झालेलं असतं.

मनालीच्या रस्त्यावर मात्र एक सापळा आहे. मनाली २,०५० मीटर. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा वेळखाऊ चढ टळतो, त्यामुळे गाड्या पहिल्याच दिवशी ४,८९० मीटरचा बारालाचा ला ओलांडून सरचूला मुक्काम करतात. सरचू ४,२९० मीटरवर. म्हणजे एका दिवसात झोपायची उंची दोन हजार मीटरहून जास्त वाढली. रात्री तंबूत कडाक्याची थंडी, डोकं फुटतंय, आणि मागे बारालाचा, पुढे लाचुंग ला. दोन्हीकडे वरच चढायचं. या रस्त्याने जायचंच असेल तर पहिली रात्र केलाँग किंवा जिस्पाला काढा. जमल्यास दोन.

३. डॉक्टरांकडे जाताना प्रश्न लिहून न्या

"लडाखला जातोय, फिट आहे ना?" एवढंच विचारलंत तर उत्तर "जा की" असंच मिळणार. नेमकं विचारा.

हृदयविकार, अँजिओप्लास्टी, दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार, झोपेत श्वास थांबण्याचा त्रास, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया: यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून सल्ला घ्या. "थंड हवेच्या ठिकाणी जातोय" एवढं सांगून भागत नाही, त्यांच्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर येतं.

रक्तदाबाची गोळी बंद करू नका. पहिले काही दिवस बीपी नेहमीपेक्षा वर दाखवू शकतं. लघवी जास्त करायला लावणारी गोळी चालू असेल तर तिच्याबद्दल मुद्दाम विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पेन कपड्यांच्या आतल्या खिशात ठेवायचं. एकदा गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी फेकून द्यायचं. थंडीत ग्लुकोमीटरचे आकडेही चुकू शकतात. यंत्र आधी अंगाशी धरून गरम करा, मग तपासा.

विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट. घरात कुणाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल, किंवा नुसते 'वाहक' असाल, तरी लडाखचं तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांना सांगा. एरवी काहीही त्रास नसलेल्या वाहकालाही एवढ्या उंचीवर प्लीहेला इजा होऊ शकते. पॅकेज विकणारे हे विचारत नाहीत.

आता डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. ही गोळी शरीराला उंचीची सवय लवकर लावायला मदत करते, म्हणून चढायच्या आदल्या दिवशी सुरू करतात. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते, सोडा-कोल्ड्रिंक बेचव लागतं. हे सगळं अपेक्षित आहे, घाबरू नका. गोळी घेतली म्हणून दुसऱ्या दिवशी खार्दुंग लाला जायचा परवाना मिळाला असं नव्हे. आमच्या पहिल्या गटातल्या निम्म्या लोकांची तीच समजूत होती.

४. पिशवीत काय हवं

औषधं आणि साधनं हातातल्या बॅगेत, सामानात नाही:

- रोजची औषधं, मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीची
- पॅरासिटामॉल, उलटीची गोळी, ओआरएसची पाकिटं, जुलाबावरचं औषध
- बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि जादा सेल
- नाक-ओठ-टाचांसाठी व्हॅसलीन किंवा तूप. तूपच बरं, विमानतळावर कुणी विचारलं तर भूक लागते म्हणून सांगता येतं
- सनस्क्रीन, गडद गॉगल, कानटोपी
- थर्मास
- टॉर्च, रात्रीच्या संडासासाठी

कागदपत्रं:

- आधार कार्ड, मूळ आणि तीन-चार झेरॉक्स
- नुब्रा, पँगाँग, त्सो मोरिरीकडे जाण्यासाठी ऑनलाइन पर्यावरण शुल्क भरल्याची पावती, छापील प्रतींसह. नाक्यावर नेट नसतं
- डॉक्टरांची चिठ्ठी, त्यात औषधांची मूळ नावं
- शेवटचा ईसीजी, असल्यास
- विम्याची पॉलिसी. उंचीवरच्या आजाराचा आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरलाय का, हे निघण्याआधी फोन करून विचारा
- प्रत्येकाच्या पाकिटात एक चिठ्ठी: रक्तगट, अ‍ॅलर्जी, घरचा फोन

अमेरिकेतून आलेली भाचरं सोबत असतील आणि त्यांचा पासपोर्ट परदेशी असेल, तर त्यांना नोंदणीकृत एजंटमार्फत वेगळा परवाना काढावा लागतो. लेहला पोचल्यावर कळलं तर एक दिवस गेलाच म्हणून समजा.

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. गटात निदान दोघांकडे पोस्टपेड हवं, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचं.

५. पहिले अठ्ठेचाळीस तास: काहीही न करणं

यासारखी अवघड गोष्ट मराठी पर्यटकाला दुसरी नाही. आपण पैसे वसूल करणारी माणसं. लेहची विमानं सकाळची असतात, कारण दुपारनंतर तिथे वारा सुटतो. त्यामुळे दहा वाजता खोलीत पोचलेला माणूस खिडकीतून बर्फाचे डोंगर बघतो आणि म्हणतो, "जरा बाजारात चक्कर मारून येऊ." पहिल्या दोन-तीन तासांत काहीच जाणवत नाही, उलट हलकं वाटतं. त्रास सहसा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. म्हणजे बाजाराची चक्कर सकाळी आणि डोकेदुखी संध्याकाळी, दोघांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

तळमजल्यावरची खोली मागून घ्या. बॅगा उचलायच्या नाहीत. पहिल्या दिवशी डोक्यावरून गरम पाण्याची दीर्घ आंघोळ नको, हातपाय धुवा. दिवसभर लोळा, पण सारखं झोपू नका, कारण झोपेत श्वास उथळ होतो. गप्पा मारा, पत्ते खेळा. आम्ही रमीचे इतके डाव खेळलो की बाबा माझ्याकडून पाचशे रुपये जिंकून बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारात सपाटीवर हळू चालून या. शांती स्तूप, लेह पॅलेस, जिथे जिथे पायऱ्या आहेत ते सगळं तिसऱ्या दिवसानंतर.

जेवण थोडं आणि साधं. मराठी कंपन्या आपले आचारी घेऊन जातात आणि ३,५०० मीटरवर श्रीखंड-पुरी वाढतात. माया आहे ती, पण दुसरी वाटी घेऊ नका. मुंबईत घेतलेलं वेफर्सचं पाकीट लेहला उशीसारखं फुगतं ना, पोटातल्या वायूचंही तेच होतं. थुक्पा (तिथलं शेवयांचं सूप), वरण-भात, खिचडी. लोणी-मिठाचा गुरगुर चहा एकदा चाखून बघा. आईला आवडला, बाबांना "कढी बिघडलीय" असं वाटलं.

दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद. दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावतो. आणि रात्री एक प्रकार होईल, तो आधी सांगून ठेवते. शेजारी झोपलेला माणूस चार-पाच श्वास घेईल, मग काही सेकंद श्वास थांबेल, मग एकदम मोठा श्वास घेईल. आईने पहिल्या रात्री मला दोनदा उठवलं, "तुझ्या बाबांचा श्वास थांबतोय गं!" उंचीवर झोपेत हे बहुतेकांना होतं. माणूस जागा झाल्यावर नीट बोलत-चालत असेल, धाप लागत नसेल, तर काळजी नको.

६. डोकेदुखी लपवणारा माणूस ओळखा

प्रत्येक घरात एक असतोच. "काही नाही गं, झोप नीट झाली नाही," "सगळ्यांचा मूड कशाला घालवू." आमच्याकडे मामा होते, दुसऱ्या खेपेला बाबा निघाले.

डोकेदुखी, मळमळ, जेवण नको वाटणं, गरगरणं, गळून जाणं. लडाखमध्ये ही लक्षणं दिसली की उलट सिद्ध होईपर्यंत ती विरळ हवेचीच धरायची. पित्त, प्रवासाचा शीण, एसी बाधला, ही सगळी आपली घरगुती निदानं तिथे बाजूला ठेवा. साधा त्रास असेल तर आहे त्या उंचीवर आराम करा, पाणी प्या, पॅरासिटामॉल घ्या. एक-दोन दिवसांत उतरतो. तो उतरेपर्यंत एक मीटरही वर जायचं नाही. गाडी ठरलीय, हॉटेलचे पैसे भरलेत, तरी नाही.

रोज सकाळ-संध्याकाळ मी सगळ्यांना तीन प्रश्न विचारायचे: डोकं दुखतंय का, जेवलात किती, रात्री खोकला होता का. "बरं वाटतंय का" असं विचारू नका, उत्तर "हो"च येतं. लहान मुलांना डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. ती किरकिर करतात, खात नाहीत, खेळत नाहीत. तेवढ्यावरून समजायचं.

मग चालण्याची चाचणी. जमिनीवरच्या फरशीची एक सरळ रेघ धरून एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला लावत दहा-बारा पावलं चालायला सांगायचं. आमच्या गेस्टहाऊसच्या व्हरांड्यात बाबा लोकरीचे मोजे घालून, दोन्ही हात पसरून, डोंबाऱ्यासारखे चालले. पोरंही बघायला जमली. ते नीट चालले, म्हणून फक्त दिवसभर आराम दिला आणि नुब्राचा बेत एक दिवस पुढे ढकलला. माणूस झोकांड्या खायला लागला, तोल जाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, तर मेंदूला सूज आली असू शकते. पडूनही धाप लागते, खोकला वाढतो, छातीत घरघर, ओठ-नखं निळसर, गुलाबी फेसाळ कफ, ही फुप्फुसात पाणी झाल्याची चिन्हं. हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, रात्री बळावतं. या दोन्हींत "सकाळी बघू" म्हणायचं नाही. ताबडतोब ऑक्सिजन, रुग्णालय, आणि शक्य असेल तर खाली.

ऑक्सिमीटरबद्दल थोडं. घरी ९८ बघायची सवय असते, लेहला पहिल्या दिवशी ८५ ते ९० दिसलं की लोकांचा धीरच सुटतो. तिथे नवख्या माणसाला तेवढंच असतं. बोट गारठलेलं असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा आणखी खोटा येतो. हात चोळून, पाच मिनिटं बसून मग बघा. एका आकड्यापेक्षा तुलना कामाची: सगळे ८८ आणि एकजण ७४, त्यात त्याचं डोकं दुखतंय किंवा धाप लागतेय, तर गाडी काढा. मामांचा त्या सकाळी ६४ होता.

७. कापूर, लसूण आणि डब्यातला ऑक्सिजन

मराठी गटात प्रत्येकाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी असते. आमच्याही होती, मामीने हौसेने शिवलेली. कापूर हुंगला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तसूभर वाढत नाही. हुंगायला हरकत नाही, पण मुलांच्या हाती देऊ नका. पोटात गेला तर कापूर विषारी आहे. होमिओपॅथीच्या कोका-३० गोळ्या, कच्चा लसूण, दिवसभर पॉपकॉर्न, यांतल्या कशाच्याही भरवशावर वर जायचं नाही.

फवाऱ्यासारखे ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात. विमानात नेताही येत नाहीत. म्हातारी माणसं सोबत असतील तर लेहमध्ये खरा सिलिंडर मास्कसकट भाड्याने मिळतो, तो गाडीत ठेवा आणि कसा उघडायचा ते आधी शिकून घ्या. मात्र सिलिंडर लावून बरं वाटलं म्हणून पुढे चढायचं नाही. तो खाली येईपर्यंतचा टेकू आहे.

"दिवसाला सहा लिटर पाणी प्या" हेही ऐकाल. अति पाण्याने रक्तातलं मीठ पातळ होऊन वेगळाच त्रास होतो, आणि तोही डोकेदुखी-मळमळीनेच सुरू होतो. लघवीचा रंग फिका राहील एवढं पाणी पुरे.

८. खिंड ओलांडायचा दिवस

सकाळी लवकर निघा, दुपारच्या आत खिंड ओलांडा. दुपारी बर्फ वितळून रस्त्यावरचे ओढे फुगतात, वारा सुटतो, दगड सुटतात. ओढ्यात गाडी अडकलेली मी पाहिलीय, सकाळी तिथे पाऊल जेमतेम भिजत होतं.

खार्दुंग लावर पंधरा-वीस मिनिटं बास. तिथे ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जरासा जास्त असतो. गाडीतून उतरताना आधी दोन मिनिटं दाराशी उभे राहा. पाटीजवळ फोटोसाठी झुंबड असते आणि लोक पळत जातात. पळायचं नाही, नाचायचं नाही, बर्फाचे गोळे फेकायचे नाहीत. चक्कर आली तर तिथे लष्कराचं वैद्यकीय मदत केंद्र आहे, लाजू नका. नंतर नुब्रात उतरलात की उंची लेहपेक्षाही कमी, श्वास मोकळा होतो.

गाडीवान लडाखीच घ्या. स्थानिक फिरण्यासाठी टॅक्सी युनियनच्या गाड्याच चालतात, बाहेरच्या गाडीवरून वाद होतात. त्यांना 'आचो-ले' म्हणा, म्हणजे दादा. आमच्या आचो-लेंनी आरशात बघून आईचा चेहरा उतरलाय हे माझ्याआधी ओळखलं होतं. ते "आज नको" म्हणाले तर वाद घालू नका.

९. पँगाँगची रात्र

सगळ्यांना तळ्याकाठी तंबूत राहून पहाट बघायची असते. मलाही होती. पण हिशोब बघा. पँगाँग ४,२५० मीटरवर, आणि तिथून लेहला यायचा नेहमीचा रस्ता सुमारे ५,३६० मीटरच्या चांग लावरून जातो. रात्री एखाद्याच्या फुप्फुसात पाणी झालं तर त्याला खाली न्यायला आधी हजारभर मीटर वर चढवावं लागतं, तेही अंधारात. म्हणून पँगाँग सहलीच्या शेवटी ठेवा, निदान पाच-सहा रात्री आधी लडाखात काढून. साठीच्या पुढची माणसं किंवा लहान मुलं असतील तर तळं दिवसा बघून मुक्कामाला तांगत्सेला या. तासाभराच्या अंतरावर, तळ्यापेक्षा तीनेकशे मीटर खाली. आम्ही तेच केलं. पहाट हुकली, आई रात्रभर शांत झोपली.

१०. ऊन, थंडी, शेगडी, कुत्री

हवा गार म्हणून ऊन लागत नाही असं वाटतं. बाबांनी टोपी घातली नाही आणि तिसऱ्या दिवशी नाकाची सालं निघाली. उंचीबरोबर अतिनील किरणं वाढतात, पाण्यावरून आणि बर्फावरून ती परत अंगावर येतात. गॉगल सगळ्यांना हवा, मुलांनाही.

थंडीसाठी एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर घाला. बंद खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर लावून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. गरम पाण्याची पिशवी पायाशी घ्या.

पाणी उकळलेलं प्या. लेहला पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं, म्हणून उकळी फुटल्यावर तीन मिनिटं तसंच ठेवा. डाळ कुकरशिवाय शिजत नाही, हेही त्याच कारणाने.

तंबू ओढ्याच्या पात्रात किंवा नाल्याच्या तोंडाशी नको. २०१० च्या ऑगस्टमध्ये लेहला एका रात्रीत ढगफुटी होऊन दोनशेहून जास्त माणसं गेली. कोरडा दिसणारा नाला कोरडाच राहील याची खात्री नाही.

लेहच्या गल्ल्यांत रात्री भटकी कुत्री टोळीने फिरतात. जेवून एकटं चालत येऊ नका. चावलंच तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात इंजेक्शन सुरू करा.

११. बिघडलंच तर

लेहमध्ये सोनम नोरबू स्मृती रुग्णालय, सगळे एस.एन.एम. म्हणतात, जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय. विरळ हवेच्या त्रासाचे रुग्ण तिथे रोजचे. नुब्रात दिस्कितला रुग्णालय आहे. तातडीचा नंबर ११२, रुग्णवाहिकेचा १०८. पण नेटवर्क नसलेल्या जागी गाडीवान आणि जवळची लष्करी चौकी यांच्यावरच भिस्त.

रुग्णाला पाठीवर आडवं पाडू नका, धाप लागत असेल तर टेकून बसवा. चालवू नका, उचलून न्या. ऊब द्या. एकट्याला कधीही खाली पाठवू नका, "मी जातो, तुम्ही फिरा" हे ऐकायचंच नाही.

आणि परतीच्या विमानाआधी लेहमध्ये एक दिवस राखून ठेवा. हवा बिघडली किंवा उन्हाळ्यात तापमान फार चढलं तरी विमानं रद्द होतात, रस्ता एका दरडीने दिवसभर बंद राहतो. आमचा तो राखीव दिवस रिकामाच गेला. आईने बाजारातून मामांसाठी दोन किलो सुके जर्दाळू घेतले, पिशवीवर त्यांचं नाव लिहिलं आणि फोन करून सांगितलं, "तुझा शांती स्तूप बघून झाला आमचा. सगळ्या पायऱ्या चढले मी, सहलीच्या शेवटी."